बेचाळिसाव्याच्या आदल्या दिवशी

"पांढरी माशी हाताबाहेर गेली की काचघर बंद करायचं. पाणी तोडायचं, छताच्या झडपा पाडायच्या, दार लावायचं. कडक उन्हाचे तीन दिवस आत डोकावायचंसुद्धा नाही. आतली माशी आतच संपली पाहिजे. बिएनच्या रोपांवर आपली माशी जाता कामा नये. कबूल?"

"कबूल," मी यजमानांना म्हटलं होतं. तेव्हा मी वांगी पुसून खोक्यात भरत होते आणि माझं लक्ष अर्धं खोक्यात होतं.

आज सकाळी वांग्याचं एक पान उलटलं आणि ते बोलणं जसंच्या तसं आठवलं. पान वरून चिकट, काजळी धरलेलं. खाली मोहरीहून बारीक पांढरे कोष, एकमेकांना खेटून, आणि प्रत्येकात दोन तांबडे ठिपके. डोळे दिसायला लागले की तीन-चार दिवसांच्या आत माशी उडते, हेही त्यांनीच शिकवलेलं.

तोआनना जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. याच काचघरात, शेवटच्या ओळीत, देठ कापता कापता ते खाली बसले आणि उठले नाहीत. त्यांना उचलून बाहेर आणलं ते शेजारच्या बिएनदादांनी.

एकोणपन्नास दिवस जीव आपल्याच जागी घुटमळतो, असं आम्ही व्हिएतनामी लोक मानतो. ॲडलेडच्या मंदिरातल्या भिक्षुणी म्हणाल्या होत्या, तेवढे दिवस घरच्यांच्या हातून जीवहत्या झाली नाही तर त्याला पुढचा जन्म चांगला मिळतो. मी त्यांच्यासमोर हात जोडून तसा नेम घेतला. दर सातव्या दिवशी नैवेद्याचं ताट, रोज पहाटे उदबत्ती आणि जप. मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडली.

पहिल्या सातव्यालाच बिएनदादा म्हणाले होते, "वहिनी, कोपऱ्यातल्या चार झाडांवर माशी दिसतेय. तेवढी उपटून जाळू या का?"

"नको दादा. एकोणपन्नास होऊ देत."

ते आपल्या रोपांकडे परत गेले. मी सात-सात दिवस मोजत होते. तोआन असते तर त्यांनी दारावरचा तापमापक बघून मोजलं असतं. अठरा अंशाला अंड्यापासून माशी व्हायला पाच आठवडे, पंचविसाच्या वर गेलं की तीनच. यंदाच्या उन्हाळ्यात पारा पंचविसाच्या खाली उतरलाच नाही. माझ्या तिसऱ्या सातव्याला माशीची एक पिढी उडाली. उद्या सहावा सातवा, म्हणजे बेचाळिसावा दिवस. उद्यापासून दुसरी उडणार होती.

दहाच्या सुमारास बिएनदादा कुंपणापाशी आले. हातात काकडीचं एक रोप, तीन पानांचं.

"काय वहिनी, तुमचा जप ऐकून माश्या शाकाहारी झाल्या की नाही?"

"त्या आधीपासूनच शाकाहारी आहेत, दादा."

ते हसले, पण डोळ्यांनी नाही. रोप माझ्या हातात दिलं. कोवळ्या पानाखाली दोन पांढऱ्या माश्या बसल्या होत्या.

"सकाळी सापडल्या," ते म्हणाले. "अजून दोनच आहेत. मी काय तुम्हाला दार लावा म्हणून सांगायला आलो नाही. सून म्हणत होती, जाऊन भांडा. मी म्हटलं, त्या घरात अजून जेवणाचं ताट दोघांचं मांडतात, तिथं काय भांडू?"

"औषध मारून बघितलंत?"

"पाणी मारल्यासारखं आहे. ह्या माशीला आता काही लागत नाही." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "आज, उद्या, परवा एक्केचाळीस अंश सांगितलंय. मग दक्षिणेचा गार वारा. त्यानंतर पारा काही वर जात नाही यंदा."

"म्हणजे एकोणपन्नासाव्याला..."

"तेव्हा दार लावून काय उपयोग? ऊबच मिळेल त्यांना. आणखी जोमानं वाढतील." मग म्हणाले, "तोआन माझ्या जागी असता तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. मला तुम्हाला त्याही घालता येत नाहीत."

ते गेले. रोप माझ्या हातातच राहिलं.

मी घरात आले. फोटोपुढे भाताची वाटी ठेवली, उदबत्ती लावली. जपाची माळ हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. एवढंच म्हटलं, "नेम माझा होता. मोडला तर मीच मोडला. त्याचं पाप तुमच्या वाटेत येऊ नये."

मग काचघरात गेले. पाण्याचा मोठा नळ बंद केला. खिळ्यावर त्यांची टोपी एक्केचाळीस दिवस तशीच होती, ती काढून घेतली. खोकं भरायच्या लायकीची वांगी उरली नव्हती. एकच त्यातल्या त्यात बरं होतं, त्याला हात लावला नाही. हँडल फिरवायला लागले तशा छताच्या झडपा एकेक करून खाली आल्या. हवा थांबली. झाडांना धक्का लागला तिथून पांढरा धुरळा उठला आणि पुन्हा पानांवर बसला.

बाहेर येऊन मी दार हातात धरलं.

"अहो," मी आत पाहून म्हटलं, "बाहेर या. दार लावतेय."

डावा पाय ओढत शेवटच्या ओळीतून दारापर्यंत यायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ मी उन्हात उभी राहिले. मग बाजूला सरून वाट दिली, आणि कडीला हात घातला.