वार्दीच्या शेळ्यांनी इंजिन निवडलं तेव्हा

आमच्या डोंगराळ क्रीट बेटावर शेळी मालकाला तोंडावरून ओळखत नाही, त्याच्या पिकअपच्या आवाजावरून ओळखते. यात खोटं काही नाही. शेळीचोरी हा आमच्याकडचा जुना खेळ आहे. माझ्या आजोबांनी पळवलेल्या शेळीचं दूध पिऊन वाढलेले दोघे जण पुढे पोलीस झाले. त्यामुळे आमची शेळी शिकलेली आहे: परक्या गाडीचा आवाज आला की वर पळायचं, आपल्या गाडीचा आला की खाली, मक्याकडे.

म्हणून वार्दीचं इंजिन जाम झालं तेव्हा प्रश्न फक्त गाडीचा नव्हता. त्याच्या शेळ्या वर उन्हाळी कुरणात होत्या आणि संत दिमित्रीचा सण नऊ दिवसांवर आला होता. त्या दिवसापर्यंत कळप खाली आलाच पाहिजे. नंतर वर बर्फ पडतो, आणि बर्फात शेळी मरते.

गाडी जपानी, एकोणऐंशी सालची, मूळ रंग कोणता यावर गावात दोन तट होते. मी गावचा मिस्त्री. इंजिनाचं हेड उघडलं तर आत तेलाचा थेंब नाही.

"तेलाचा लाल दिवा दिसला नाही का रे?" मी विचारलं.

"दिसला."

"मग?"

"लाल होता," वार्दी म्हणाला.

फेब्रुवारीत त्याची बायको एर्गिना गेली होती. तेव्हापासून तो असाच. रडला नाही, चिडला नाही, रोज दाढी करायचा. कोणी जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर ताटासमोर बसून राहायचा. थेओनीच्या कॉफीच्या दुकानात तिने एकदा चुकून साखरेऐवजी मीठ घातलं, तर त्याने कप रिकामा करून धन्यवाद म्हटलं. थेओनी आत जाऊन रडली.

जुनं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं होतं. दुसरं बसवायचं, पण कोणतं? थेओनीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. एकाचं म्हणणं अडीच लिटरचं डिझेल घाला, चर्चसुद्धा ओढून नेईल. दुसरा म्हणाला, रेथिम्नो शहराकडच्या वळणावर अपघातात चेपलेल्या त्या सलून मोटारीचं घाला, उडत जाईल. मी म्हणत होतो, होतं तसंच मूळचं शोधा, भंगारात मिळेल. सगळे बोलायचे आणि मग वार्दीकडे बघायचे.

"काहीही बसव," वार्दी म्हणायचा.

"काहीही नावाचं इंजिन मिळत नाही," मी म्हणायचो. "गाडी तुझी आहे. तोंडाने नाव घे, मी उद्या बसवतो."

"तूच बघ ना."

मी हट्टाने बघितलं नाही. माणसाच्या गाडीत त्याने न निवडलेलं इंजिन घालणं म्हणजे त्याच्या अंगात दुसऱ्याचा सदरा घालण्यासारखं. चार दिवस गेले. शेजारचे तिघे कळप आणायला आपापल्या गाड्या घेऊन वर जाऊन आले. वार्दीच्या शेळ्यांनी त्यांना खूरही दाखवले नाहीत.

पाचव्या दिवशी मी चिडलो. तिन्ही इंजिनं आणली. मूळच्या जातीचं भंगारातून आणलेलं मी स्वतः पिस्टनच्या रिंगा बदलून, कार्बोरेटर धुऊन तयार केलं होतं, घड्याळासारखं. माझ्या ट्रकच्या मागे लोखंडी सांगाडा वेल्ड केला, तिन्ही त्यावर बसवली, एक बॅटरी, इंधनाचे दोन कॅन, मक्याची पोती.

"बस," मी वार्दीला म्हणालो. "तू निवडत नाहीस तर शेळ्या निवडतील."

तो बसला. बस म्हटलं की तो बसायचा.

वर पोहोचल्यावर मी माझा ट्रक लांबच बंद केला आणि शेवटचा सपाटसा टप्पा आम्ही दोघांनी ढकलत आणला, परक्या आवाजाने त्या बिथरू नयेत म्हणून. शेळ्या समोरच्या कड्यावर होत्या. वार्दी दगडावर बसून बुटांकडे बघत होता.

आधी डिझेल चालू केलं. कळप दोन कडे वर सरकला. म्होरक्या शेळीने आमच्याकडे पाठ करून लघवी केली, ती बराच वेळ चालली होती. मग सलून मोटारीचं. ते दाताच्या डॉक्टरच्या यंत्रासारखं किंचाळलं आणि दोन मिनिटं आम्हाला एकही शेळी दिसली नाही. शेवटी माझं घड्याळासारखं ते मूळचं इंजिन. म्होरकी कड्याच्या टोकावर आली, तीन पावलं उतरली, थांबली, मान वाकडी केली. ती तशीच उभी राहिली, ओळखीच्या माणसाचा चुलतभाऊ दारात आल्यासारखी.

"फार स्वच्छ वाजतंय," वार्दी म्हणाला.

"स्वच्छ वाजायलाच केलंय मी."

तो उठला, ट्रकवर चढला, आणि चालत्या इंजिनाच्या तिसऱ्या प्लगची वायर उघड्या हाताने उपटली. ठिणगी मला लांबून दिसली. त्या झटक्याने मी असतो तर तुर्कस्तानात जाऊन पडलो असतो. वार्दीचा हात हललासुद्धा नाही.

"लागलं का?"

"नाही."

इंजिन मिसिंग मारू लागलं, दर चौथा ठोका चुकवत. टक, टक, टक, गप. टक, टक, टक, गप. माझ्या कानाला ते वर्षानुवर्षं शिवी दिल्यासारखं लागायचं.

"वार्दी, तुझ्या जुन्या इंजिनातलं हे मी दरवर्षी नीट करून देत होतो."

"हो. आणि वर आलो की मी वायर परत काढायचो. त्यांना असंच कळतं."

"किती वर्षं?"

"अकरा."

अकरा वर्षं मी त्या इंजिनाच्या आईबापांचा उद्धार केला होता. पण तोवर कळप उतरत होता, दगड गडगडत होते, घंटा वाजत होत्या. शेळ्या आल्या, इंजिनापाशी थांबल्या नाहीत, वार्दीपाशीही नाहीत. सरळ पुढे गेल्या आणि ट्रकच्या उजव्या दाराशी, आमच्याकडे डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेपाशी, गर्दी करून उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं बंद काचेकडे.



"गाडी मी चालवायचो," वार्दी म्हणाला. "मका ती टाकायची. त्या खिडकीतून."

मी मक्याचं एक पोतं खाली ओढलं.

तो शेळ्यांमधून वाट काढत गेला, दार उघडून बसला, काच खाली केली. मी त्याच्या मांडीवर मका ओतला. तो एकेक मूठ बाहेर टाकू लागला. चेहरा होता तसाच.

माझ्या ट्रकचं स्वतःचं इंजिन चालू करायची सोय नव्हती, कळप परत पळाला असता. मागचं लंगडं इंजिन टक-टक-टक-गप करत राहिलं आणि अकरा किलोमीटरची वळणं मी नुसत्या ब्रेकवर उतरलो. ब्रेकचा वास खालच्या गावात लोकांना आला, त्यांना वाटलं कोणीतरी बोकड भाजतंय. मागे सगळा कळप, वाण्याच्या दुकानापुढे रांग लावावी तसा.

अर्ध्या वाटेवर मी विचारलं, "मग हेच बसवू ना?"

"हेच."

"तिसरी वायर लावून की काढून?"

त्याने मांडीवर हात फिरवला, पायाशी सांडलेले दाणे चाचपले.

"मका संपला," तो म्हणाला. "थांब जरा. मागचं पोतं काढतो."

बस म्हटलं की बसणारा वार्दी आता मला थांब म्हणत होता. मी थांबलो.