खूण नसलेले पिस्तूल

मी लढाईच्या काळातले एक जुने पिस्तूल आहे, मित्रांनो. पण ही माझ्या शौर्याची गोष्ट नाही. मी गप्प राहिलो, त्याची आहे.

माझा जन्म घाईत झाला. लढाई ऐन भरात होती, कारखान्यात पॉलिश करायला कुणाला सवड नव्हती. कानशीचे ओरखडे माझ्या अंगावर अजून दिसतात. ज्या सैनिकाच्या कमरेला मी चार वर्षे होतो, तो मात्र मला रोज पुसायचा, जिवापाड जपायचा. लढाई संपली त्या दिवशी त्याने माझे मॅगझीन, म्हणजे मुठीतला गोळ्यांचा कप्पा, रिकामे केले. नळीत आधीच सरकलेली एक गोळी तशीच राहिली. तो विसरला, की त्याची भीती अजून गेली नव्हती, कोण जाणे! घरी येऊन त्याने मला कपाटात कपड्यांखाली ठेवले आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

वर्षे गेली. सैनिकही गेला. एके सकाळी त्याचा मुलगा, आता सत्तरीचे आजोबा, मला पोलिसांच्या शस्त्रागारात जमा करायला घेऊन आला.

तिथे टेबलावर एक नवे पिस्तूल होते. मी किलोभर पोलाद, ते निम्मे प्लास्टिकचे, फुलासारखे हलके. माझ्यात आठ गोळ्या, त्याच्यात सतरा. मला हेवा वाटला तो एकाच गोष्टीचा. नळीत गोळी असली, की त्याच्या पाठीवर एक लाल खूण वर येते. नुसते बोट फिरवले तरी कळते. मला असे काही सांगता येत नाही.

नव्या शिपायांना शिकवण्यासाठी तपासनीस बाई आमची तुलना करू लागल्या. चाप ओढायला किती जोर लागतो, ते मोजायचे होते. त्यांनी नव्याची खूण बोटाने चाचपली, चापाला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि ओढला. टक्! "अडीच किलो."

मग माझी पाळी. मॅगझीन काढून पाहिले. रिकामे. सवयीने पाठीवर बोट फिरवले. सपाट. "रिकामंच आहे," म्हणत त्यांनी काटा अडकवला. माझे तोंड टेबलापलीकडे अर्ज भरत बसलेल्या आजोबांकडे होते.

"तीन... चार..."

गोळीवर आदळणारा माझा हातोडा मागे सरकू लागला. मला ओरडायचे होते, मित्रांनो. पण लोखंडाला कंठ नसतो.

"साडेचार, तरी सुटत नाही! मिस्त्रीकाका, या म्हाताऱ्याचा चाप बघा, तुमच्या गुडघ्यासारखा कुरकुरतोय."

कोपऱ्यात चहा पिणारे शस्त्रागाराचे जुने मिस्त्री हसले आणि हसताहसताच थांबले. "नळी उघडून पाहिलीस ना गं?"

"मॅगझीन रिकामं आहे की. आणि खूणही वर नाही."

"अगं, त्याला खूण असतेच कुठे! सोड. एकदम नको, हळूहळू सोड."

बाईंनी चाप हळूहळू सोडला, काटा शून्यावर आला. मिस्त्रींनी माझे तोंड वाळूच्या पेटीकडे वळवले आणि माझी पाठ मागे खेचली. टण्ण! हिरवट पडलेली गोळी फरशीवर घरंगळत आजोबांच्या चपलेशी थांबली.

आजोबांच्या हातातले पेन तसेच अधांतरी राहिले.

"माझी नातवंडं," ते म्हणाले, "लपाछपी खेळताना त्याच कपाटात लपतात हो."

आता माझी नळी कायमची बुजवली आहे. मी शिकवणीच्या खोलीत काचेच्या पेटीत असतो. मित्रांनो, माझ्यासारखे कुणी तुम्हाला कधी सापडले, तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि ते "रिकामंच आहे" म्हणाले, तरी लांबच राहा. मोठ्यांचेही चुकते. माझ्या शेजारी ती हिरवट गोळी ठेवली आहे आणि तिच्याखाली बाईंच्या हस्ताक्षरात एक चिठ्ठी: "मी याला रिकामे समजले होते."