टेंपोतल्या सुरीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. मी मोडले ती कुणाच्या रागानं नाही, कौतुकानं मोडले.

माझा जन्म पालीच्या एका लोहाराच्या भट्टीतला. एका भंगार ट्रकच्या कमानीची पट्टी तापवून, ठोकून त्यानं मला घडवलं आणि बाभळीची मूठ बसवली. काशीदजवळच्या कोळीवाड्यातला भिकू बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आला होता, त्यानं मला उचललं. लोहार म्हणाला, "खारं पाणी लागलं की गोड्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा. एवढं केलंस तर तुझ्या नातवाला पुरंल."

भिकूनं ते सतरा वर्षं केलं. होडीवर माझं काम एकच, अडकलेला दोर कापायचा. काम झालं की तो मला धुवायचा, कमरेच्या रुमालानं पुसायचा आणि खोबरेलाचं बोट पात्यावरून फिरवायचा. त्यात लाड वगैरे काही नव्हते. जेवल्यावर माणूस हात धुतो तसंच ते होतं. एकदा भर समुद्रात होडीच्या पंख्यात जाळं गुरफटलं. भिकू मला दातात धरून पाण्यात उतरला आणि तीन दमांत आम्ही जाळं सोडवलं. त्या दिवशी वाड्यानं मला अगदी डोक्यावर घेतलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता त्याचंही काही वाटत नाही.

पुढे भिकूच्या मुलानं, मितेशनं, मासळी वाहायला टेंपो घेतला. भिकूनं मला त्याच्या हाती दिलं. "गाडीत ठेव. किनाऱ्यावर दोराचं काम असतं, कधी लागंल सांगता येत न्हाय." मितेश चांगला पोरगा हो. त्यानं मला अलिबागहून चामड्याचं कव्हर शिवून आणलं, त्याला चकचकीत बटण लावलं आणि स्टिअरिंगशेजारच्या खणात मला ठेवलं. बसले मी राणीसारखी, आणि तिथेच माझे दिवस भरले.

चामडं हवेतला ओलावा पितं आणि धरून ठेवतं. त्यातून मागे बर्फाच्या पेट्या, मितेशचे हात सदा ओले, खिडकीतून खारा वारा. दुपारी खण तव्यासारखा तापायचा आणि पहाटे आतून दव धरायचं. मला कुणी बाहेर काढत नव्हतं. फक्त खंडेनवमीला काढायचे. टेंपो धुवायचे, झेंडूचा हार घालायचे, मग माझ्या पात्यावर ओल्या बोटानं हळद-कुंकू लावून अक्षता वाहायचे आणि तशीच ओली परत कव्हरात. पहिल्या वर्षी भिकूची बायको नीराबाई पदरानं मला पुसायला गेली, तर मितेशनं तिचा हात धरला.

"आये, पुजलेली पुसू नको. हिच्या पायगुणानं धंदा चाललाय."

पहिला डाग त्या कुंकवाखालीच पडला. अशा पाच खंडेनवम्या झाल्या. दर वेळी मितेश हात जोडायचा आणि मला वाटायचं, बाबा रे, जोडलेले हात सोड आणि एक फडकं घे. पण सुरीचं ऐकतंय कोण?

यंदा मे महिन्याच्या शेवटी पावसाआधी होडी वर ओढायची होती. दोराचं एक टोक होडीला, दुसरं टेंपोला. मितेश गाडी चालवत होता, होडी ओंडक्यांवरून सरकत होती आणि भिकू दोराशेजारी उभा राहून ओंडके सरळ करत होता. मध्येच टेंपो वाळूत रुतून जरा मागे आला आणि दोर सैल पडला. त्याचा वेढा भिकूच्या पावलाभोवती पडला, होडी उतारावरून मागे घसरली आणि तिच्या वजनानं तो वेढा आवळत गेला.

"सुरी काढ, मितेश. दोर काप," भिकू म्हणाला. तो ओरडला नाही.

मितेशनं एक पाय ब्रेकवर ठेवून मला ओढलं. गंजलेलं बटण निघेना. ते उपटलं, तर मी निघेना. गंजानं माझं पातं चामड्याला चिकटलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी झटका दिला आणि नुसती मूठ त्याच्या हातात आली. मुठीच्या आतली दांडी कधीच गंजून गेली होती.

शेवटी दोर कापला तो नीराबाईच्या कोयत्यानं. ती वर होडी ढकलणाऱ्या माणसांसाठी मासळी कापत बसली होती, तिथून धावत आली. तो कोयता ती रोज धुऊन पुसून ठेवते, त्याला कधी कुणी कव्हर शिवलं नाही. एका घावात दोर तुटला. पण तेवढ्या वेळात व्हायचं ते झालं होतं. भिकूच्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली, त्यात अंगठा होता. अंगठ्याशिवाय हलत्या होडीवर तोल राहत नाही. भिकूचा समुद्र त्या दिवशी संपला.

आठवड्यानं मितेश मला खाडीत फेकायला निघाला. ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या बापाला म्हणाला, "हिच्यामुळं झालं. नवी आणतो."

"आण की," भिकू म्हणाला. "ती बी तिथंच कुजंल."

मितेश खाली बसला आणि बराच वेळ रडला. मग त्यानं रॉकेल आणि पॉलिश पेपर आणला, कव्हर फाडून काढलं, दोन दिवस मला घासलं आणि पात्याच्या बुडाशी नवी मूठ बसवली. गंज गेला, पण खड्डे राहिले. ते आता जायचे नाहीत. आता मी मशीनच्या तेलाचा पातळ हात घेऊन कोरड्या सुती फडक्यात असते. दर महिन्याच्या एक तारखेला मितेश मला उलगडतो, पुसतो, पुन्हा तेल लावतो. भिकू ओट्यावरून तेवढं म्हणतो, "मुठीजवळ नीट पूस." आणि नारळी पुनवेनंतर त्याची होडी वाड्यातला विनेश घेऊन जातो, तेव्हा भिकू घरात जाऊन बसतो.

मित्रांनो, मी थकले आहे. मला मान नको, हार नको. तुमच्याही घरच्या गाडीत, एखाद्या खणात, सीटखाली, माझ्यासारखं कुणीतरी वेळेला उपयोगी पडावं म्हणून ठेवलेलं असेल. आजच त्याला बाहेर काढा. कोरडं करा, तेल लावा, पातं निघतं का ते बघा. हात जोडायचे असतील तर ते नंतर जोडा.