मन किती भरलं?

मी बेळगावात मानसशास्त्र शिकवतो, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं या समजुतीवर पगार घेतो. शहाऐंशी साली माझा प्रबंध चालला होता. दुःखातून माणूस रोज थोडं थोडं वर येत नाही; मन बरेच दिवस एकाच जागी खिळून राहतं आणि मग एकदम उडी मारतं, हे मला आकड्यांनी दाखवायचं होतं.

त्याच वर्षी निपाणीत माझ्या थोरल्या बहिणीची, राजाआक्काची, एकुलती एक लेक वारली. आक्काला सावरायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आकडेही हवे होते.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिच्यापुढं दहा चिंचोके ठेवले.

"आक्का, रोज सांजच्याला बघायचं, आज मन किती भरलं. तेवढं चिंचोकं काढून ठेवायचं."

"बरं रं, कृष्णात," आक्का म्हणाली.

शेजारच्या शालूबाई ते मोजून दर रविवारी मला कार्डावर सात आकडे लिहून पाठवायच्या.

दोन महिने आकडा दोन-तीनवर अडून बसला. मग एका कार्डावर सात, नऊ, नऊ. उडी! मी खोलीत एकटाच नाचलो. निपाणी दोन तासांवर, पण मी गेलो तर निरीक्षण बिघडेल म्हणून गेलो नाही. पुढच्या कार्डांवर नुसते दहा, दहा, दहा. आलेख मी कौतुकानं भिंतीवर लावला.

आणि तार आली. आक्का गेली होती. तिनं अन्नच सोडलं होतं.

मातीवरून परतल्यावर मी शालूबाईंवर भडकलो. "ती जेवत नव्हती आणि मला कळवलं न्हाई तुम्ही?"

"दर आइतवारी कळवलं की रं!" त्या रडायला लागल्या. "आदी लेकीच्या दुःखानं बधिर झालती, रडू बी यायचं न्हाय तिला. मग रोज मन भरून यायला लागलं. म्या म्हटलं, भावाला बोलावू या. तर म्हणायची, कृष्णाताला आकडा जातोय, त्येला सारं कळतंय, येईल त्यो."

मी मन भरणं म्हणजे समाधान धरलं होतं. उडी खरीच होती. ती कुठल्या बाजूला, एवढंच मी विचारलं नव्हतं.

शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "शेवटी शेवटी मला इचारायची, दहाच्या म्होरं चिंचोकं न्हाईत व्हय गं, शालू?"

मी मोजून दहाच दिले होते.