एकच उत्तर चुकलं

माझा मोठा भाऊ मला भित्री भागूबाई म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. अवेळी फोन वाजला की मी आधी खुर्चीत बसते आणि मग तो उचलते. घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते पाहते, कुलूप लावते आणि जिन्यातून परत वर येते. गेल्या वर्षी दादाला हार्ट अटॅक आला, तेव्हापासून तर मला भ्यायला रीतसर कारणच मिळालं. तो आणि वहिनी आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. येता-जाता त्यांच्या दाराशी त्याचे बूट दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. दिसले नाहीत की मी काहीतरी फालतू कारण काढून वहिनीला फोन करते. वहिनीला ते कारण फालतू आहे हे कळतं, पण बिचारी बोलत नाही.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेने यंदा मैदानावर नवी इमारत बांधायला काढली आणि मैदानाबरोबर मलाही काढलं. घरी बसून भिंतींशी भांडायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, आयुष्यभर लोकांना पळायला लावलंस, आता तेच जिममध्ये जाऊन कर, पर्सनल ट्रेनर हो. कल्पना मला आवडली. पण त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटसाठी कोर्स लागतो, आणि कोर्स म्हणाल तर पैशाला पासरी. प्रत्येकाच्या जाहिरातीत तोच दंड फुगवलेला माणूस आणि तीच हमी. मी भागूबाई असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी फोन करून माणसांचं डोकं खाल्लं.

एक कोर्स बराच लांबचा होता, जवळजवळ वर्षभराचा. शरीरशास्त्र, प्रथमोपचार, समोर माणूस उभा करून घेतलेली परीक्षा, सगळं होतं. तिथल्या बाईंनी स्वतः फोन घेतला. आवाजावरून वयस्कर वाटल्या. फी सांगायचं सोडून त्यांनी मलाच विचारलं, तुमच्या डोळ्यांसमोर कधी कुणी कोसळलंय का? मी म्हटलं, हो, माझा भाऊ. मग तेव्हा तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, वहिनीला हाक मारली. त्या म्हणाल्या की जरूर या, पण आमच्याकडे पहिल्या खेपेला बरेच जण नापास होतात, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुलांना नापास करण्यात माझी उमर गेली होती, आणि ही बाई मला शिकवणार.

दुसरा कोर्स नुसत्या व्हिडिओंचा होता. माझी बैठक बरोबर होते की नाही हे कोण बघणार, असं विचारलं तर म्हणाले, फोटो पाठवा. तो तिथेच बाद झाला.

तिसरा दादाने सुचवला. 'माझ्या कोचने हाच केलाय,' तो म्हणाला. 'दोन दिवसांत मोकळा. तू उगाच वर्षभर कशाला रक्त आटवतेस?'

या कोचचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जायचं. अटॅकनंतर दादा कितीतरी महिने नुसता खिडकीपाशी बसून असायचा. त्याचं चष्म्याचं दुकान वहिनी सांभाळत होती. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला होता, पण तो जिना उतरायलाही घाबरत होता, आणि त्याला घाबरलेला बघून मी आणखीच घाबरायचे. मग दोन गल्ल्या सोडून, फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात जिम निघाली. तिथला कोच भेटला आणि दादा पुन्हा माणसात आला. दुपारी दुकान बंद केलं की तो तिकडे जायचा आणि शिट्टी वाजवत परत यायचा. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माझ्या भावाने कोचची पारख मात्र दारावरच्या फ्रेमवरून केली होती. फ्रेममधल्या सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

त्या कोर्सची परीक्षा फुकट देता यायची. पैसे फक्त सर्टिफिकेट हातात घ्यायचे. म्हणून एका दुपारी जेवणं उरकल्यावर मी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसले. म्हटलं, बघू तरी काय विचारतात. स्नायूंची नावं, पाणी किती प्यावं, व्यायामाआधी अंग कसं मोकळं करावं, वजन कधी वाढवावं. मला हे सगळं येत होतं. शेवटचं बटण दाबलं, रंगीत कागद उडाल्याचं चित्र आलं, आणि खाली निकाल आला की मी पास आहे, एकच उत्तर चुकलंय. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. त्या वयस्कर बाईंना फोन करून सांगावं असंही मनात येऊन गेलं.

मग चुकलेला प्रश्न उघडला. व्यायाम करताना ग्राहकाने छातीत जड वाटत असल्याचं सांगितलं तर तुम्ही काय कराल? मी लिहिलं होतं, व्यायाम ताबडतोब थांबवून डॉक्टरी मदत मागवीन. त्याच्यापुढे लाल फुली होती. बरोबर उत्तर खाली हिरव्या चौकटीत दिलं होतं. वेग कमी करावा, ग्राहकाला धीर द्यावा आणि ठरलेला व्यायाम पूर्ण करून घ्यावा, म्हणजे त्याचा आत्मविश्वास टिकतो.

आधी वाटलं, मीच प्रश्न नीट वाचला नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग वाटलं, मी लाल-हिरव्यात गल्लत करतेय. तसंही नव्हतं. खाली मदतीचा नंबर होता, तो फिरवला. फोनवरच्या मुलीने सगळं गोड आवाजात ऐकून घेतलं आणि सांगितलं की उत्तरं तज्ज्ञांनी तयार केली आहेत, कितीतरी जण याच उत्तरांवर पास होऊन कामाला लागलेत, अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

'मॅडम, तुम्ही पास झाला आहात ना,' ती म्हणाली. 'मग एका प्रश्नाने काय फरक पडतो?'

फोन ठेवला तेव्हा मी रागावले होते. ताटं विसळायला घेतली, आणि नळाखाली हात धरलेला असतानाच तिचं वाक्य पुन्हा आठवलं. कितीतरी जण पास होऊन कामाला लागलेत. त्यातला एक तळघरात होता, आणि या वेळेला त्याच्यासमोर माझा दादा होता.

दादाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. जिममध्ये तो फोन कपाटात ठेवतो, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा लावला. वहिनीला लावणार होते, पण काय सांगणार? की एका प्रश्नावर फुली आली म्हणून मी घाबरलेय? तिने आजवर माझे इतके फोन सोसले होते. मी पायात सापडतील त्या चपला अडकवल्या आणि निघाले. गॅस बंद आहे का ते पाहिलं नाही.

वाटेत स्वतःची समजूत काढत होते. कोच चांगला माणूस आहे. दादा ठणठणीत आहे, कालच जिन्यात माझी टिंगल केली त्याने. आणि कुठलाही शहाणा माणूस असं उत्तर खरं मानून चालेल का? माझंच डोकं फिरलंय. असं म्हणत म्हणत मी गल्लीतून अक्षरशः धावत होते, आणि फर्निचरवाला बाहेर मांडलेल्या कपाटाला पॉलिश करता करता माझ्याकडे बघत राहिला.

तळघरात रबराच्या चटयांचा आणि घामाचा वास कोंडला होता. दुपारची गर्दी नव्हती. पार टोकाला, आरशासमोरच्या ट्रेडमिलवर दादा पाठमोरा चालत होता. चालत होता, उभा होता, जिवंत होता. माझे डोळे भरून आले. कोच दाराजवळच वजनं जागेवर लावत होता. तिशीचा, धिप्पाड, बोलायला मऊ. नुकताच बाप झालेला, त्यामुळे डोळे तारवटलेले. मला बघून त्याने खुर्ची पुसून पुढे केली आणि म्हणाला की दादा सांगत होते, ताईही आमच्या लाइनमध्ये येणार म्हणून.

मी धाप आवरत म्हटलं की आत्ताच तुमच्या कोर्सची परीक्षा देऊन आले, पास झाले, एकच प्रश्न चुकला. तो छातीवाला. तुम्हाला आठवतो का?

त्याचा चेहरा खुलला. 'तो सगळ्यांचाच चुकतो, ताई. पहिल्यांदा मीही थांबवा असंच लिहिलं होतं. चूक निघालं. मग मी ते उत्तर पाठच करून टाकलं.'

तो उत्साहाने सांगत होता की अभ्यासाचा उपयोग कसा होतो बघा. मागच्या आठवड्यात दादांनाच तसं जड वाटत होतं. मी वेग कमी केला, शेजारी उभा राहिलो, गप्पा मारल्या, आणि सगळं पूर्ण करून घेतलं. उतरल्यावर दादा किती खूश होते.

'आणि आज?' मी विचारलं.

'आजही जरा तसंच म्हणाले. म्हणून तर वेग एवढा कमी ठेवलाय.'

मी आरशात पाहिलं. दादाने मला आरशातूनच पाहिलं होतं आणि अंगठा वर करून दाखवत होता. त्याचा चेहरा पांढरट पडला होता. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवरून टपकत होता. म्हातारी माणसं बागेत चालतात तेवढ्या वेगाने तो चालत होता, आणि तेवढ्याने कुणाला असा घाम येत नाही, हे मला मैदानाने शिकवलं होतं. त्याचा दुसरा हात दांडीला घट्ट धरून होता.

मी तिथवर कशी पोचले ते आठवत नाही. लाल बटण दाबलं. पट्टा कुरकुरत थांबला.

'थोडंच राहिलं होतं,' दादा म्हणाला. वाक्य पुरं करायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. 'पूर्ण करू दे.'

मी त्याला खाली बसवलं, पाठ भिंतीला टेकवली. कोचला ओरडून सांगितलं की अँब्युलन्सला फोन करा. तो हातात फोन घेऊन तसाच उभा राहिला, माझ्याकडे आणि दादाकडे आळीपाळीने बघत. मग त्याला कळलं आणि त्याने नंबर फिरवला. मोठ्या माणसाचा चेहरा असा उतरलेला मी आजवर पाहिला नव्हता. दादा माझं मनगट धरून हळू आवाजात सांगत होता की काही झालेलं नाही, तुझ्या वहिनीला यातलं काही कळवू नकोस, ती मला पुन्हा खिडकीपाशी बसवेल. त्याचा हात गार होता. गेल्या वर्षी मी फक्त हाक मारली होती. आता हाक मारायला वहिनीही नव्हती, म्हणून मी त्याचा हात धरून बसले आणि त्याला बोलू नकोस, बोलू नकोस एवढंच सांगत राहिले.

हॉस्पिटलात त्याला लगेच आत घेतलं. दादा नको म्हणत होता तरी मी वहिनीला फोन केला; ती आली आणि काचेच्या दाराला टेकून उभी राहिली. भिंतीवरचा पंखा, बाकाचा गंज, समोरून जाणाऱ्या नर्सचे पांढरे बूट, कशाकडेही पाहिलं तरी तेच वाटायचं, की आता दार उघडेल. शेवटी ते उघडलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की दुसरी एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती मोकळी केली आहे. आजचा दिवस तरी निभावला. अजून थोडा वेळ त्या यंत्रावर चालत राहिले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते, असंही त्यांनी सांगितलं. मग विचारलं, छातीत दुखत असताना यांना चालवत कोण होतं?

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. कोच बाकाच्या पार टोकाला बसला होता. अँब्युलन्समागे तो आपल्या दुचाकीवरून आला होता आणि तेव्हापासून तिथून हललाच नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, मी. डॉक्टरीण बाईंनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

वहिनीला दादाजवळ सोडलं तेव्हा मी बाकावर कोचशेजारी येऊन बसले. मनाशी ठरवलं होतं की याला फाडून खायचं. पण तो दादाचे उतरवलेले बूट मांडीवर घेऊन बसला होता. पहिल्यांदा त्यानेही माझ्यासारखंच लिहिलं होतं. कुणीतरी त्याच्यावर फुली मारली, आणि त्याने ती मनापासून मान्य केली. मी त्याला त्या वर्षभराच्या कोर्सबद्दल सांगितलं, नापास करणाऱ्या बाईंबद्दलही. म्हटलं, मी उद्याच तिकडे जाणार आहे, तुम्हीही चला. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

त्याचा फोन वाजला. संध्याकाळच्या एका बाई होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या. त्या जिमच्या दाराशी येऊन उभ्या होत्या आणि सुरुवात करू का, असं विचारत होत्या. तो म्हणाला, नको, आज काहीच करू नका, घरी जा. मग फोन हातातच धरून माझ्याकडे वळला.

'ताई, बाकीची उत्तरं तरी बरोबर आहेत ना?'

बाकीच्या एकाही उत्तरावर फुली आली नव्हती, म्हणून मी ती पुन्हा पाहिलीच नव्हती.