मंजुरी बाकी

तिने दुकानाचा जुना फोटो पुन्हा डावीकडे सरकवला आणि कपाळावर हात मारला. अकरावी दुरुस्ती! गाद्यांच्या दुकानाची साधी पाच पानांची वेबसाइट, पण दोन महिने झाले तरी हे दोघे भाऊ मंजुरी देतील तर शपथ.

दोघे एकाच दुकानात. थोरले काउंटरपाशी, धाकटे मागे कापूस पिंजायच्या यंत्रापाशी. वडील गेल्यापासून सहा वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. पहिल्याच बैठकीत थोरल्यांनी बजावलं होतं, "त्याचं काय म्हणणं आहे, ते तुम्हीच विचारा." निरोप पोचवून पोचवून ती मेटाकुटीला आली. शेवटी तिने कच्ची साइट दोघांनाही उघडून दिली. ज्याला जे खटकेल ते त्याने तिथेच बाजूच्या चौकटीत लिहावं.

साहेब तिच्या टेबलापाशी आले.

"आज काहीही करून मंजुरी घे. कच्ची साइट बंद, खरी सुरू."

एरवी ती शेऱ्यांतलं फक्त दुरुस्तीपुरतं वाचायची. आज भांडायला पुरावा हवा, म्हणून पहिल्यापासून वाचू लागली.

'फोटो डावीकडे घ्या.'

'नको, तिकडे बाबा कापले जातात.'

'मग राहू दे. बाबांचा दाभण आहे का रे तुझ्याकडे?'

'आहे. रोज वापरतो.'

'अक्षरं मोठी करा, दिसत नाहीत.'

'दादा, डोळे दाखवलेस का?'

'मोतीबिंदू आहे म्हणाले.'

'ऑपरेशनला मी येतो सोबत. तारीख कळव.'

हा कालचा. त्याखाली काहीच नव्हतं. तिने थोरल्यांना फोन लावला.

"काका, साइट तयार आहे. मंजुरी देताय ना?"

मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"देतो की. पण मग ते बाजूला लिहायचं..."

"ते बंद होतं."

"असं होय." ते म्हणाले, "त्या फोटोचं अजून पक्कं होत नाहीये बघा."

"काही घाई नाही काका. सावकाश ठरवा."

ती साहेबांकडे गेली.

"सर, पंधरा दिवस लागतील."

"आता काय राहिलं?"

"फोटो."

"अगं, धन्य आहे तुझी! बरं, जोडीने दुसरं काम सुरू कर."

ती जागेवर परतली, तर चौकटीत नवी ओळ आली होती.

'गुरुवारी सकाळी आठला. मला उपाशी जायचंय. तू मात्र खाऊन ये.'