येऊन राहिलो

शोभाचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत बाकावर बसलो होतो.

"अहो, लवकर या ना. जीव घाबरून राहिला."

"येऊन राहिलो," मी म्हणालो आणि दुसरा चहा सांगितला. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. अंघोळ करत असलेला माणूसही फोनवर येऊनच राहिलेला असतो. मी तासाभरानं घरी पोचलो. शोभा दारातच पडली होती, फोन हातात.

ती गेली होती. त्यानंतर फोन वाजला की मी तो उशीखाली ढकलायचो. मी उचलायचोच नाही. चार महिने असे गेले. मुलगी सुचिता सौंसरला दिलेली. तिला नववा लागला होता. शेवटी जावई गजेंद्र आला. "ती रडून राहिली, बाबूजी. तुमी तिच्यावर रागावले म्हणते. दवाखान्यात जातानी तरी फोन उचलसान ना?" त्यानंच मला समुपदेशन करणाऱ्या जयश्री मॅडमकडे नेलं.

"काका, कोणती खुर्ची घेता?" त्यांनी विचारलं. मी दाराजवळची घेतली. "दार उघडंच ठेवू? नकोसं झालं की हात वर करा, आपण थांबू." पहिल्या दिवशी मी दोनदा हात वर केला. त्या खरंच थांबल्या.

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, "मी मारलं का तिला?"

त्या लगेच 'नाही' म्हणाल्या नाहीत. "जीव घाबरतो, असं त्या आधी कधी म्हणाल्या होत्या?"

"ॲसिडिटी झाली की म्हणायची."

"मग त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?"

"ॲसिडिटी," मी म्हणालो, आणि शोभा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. त्या बसून राहिल्या. घाई केली नाही.

मग त्या व्हरांड्यात जाऊन मला फोन लावायच्या. "उचलू नका काका, नुसता वाजू द्या." दोन आठवडे तो वाजला. तिसऱ्या आठवड्यात मी उचलला.

"काय करून राहिले, काका?"

"बसून राहिलो." दोघंही हसलो.

मंगळवारी दुपारी सुचिताचा फोन आला. मी उचलला.

"बाबा! उचलला तुमी! पोटात दुखून राहिलं. कुठं आहा?"

तोच शब्द तोंडात आला. मी गिळला. खरं तेच सांगितलं. "घरीच आहो, पोरी. निघालो नाही अजून. सदरा घातला, चपला सापडत नाहीत. सापडल्या की बस पकडतो."

तिनं एक कळ जाऊ दिली. मग म्हणाली, "पलंगाखाली पाहा. आई तिथंच सरकवायची."

होत्या. आता नकळत मीच तिथं सरकवतो.

बस सुटल्यावर मी स्वतः फोन लावला. "येऊन राहिलो."

"खरंच?"

मी फोन कंडक्टरपुढे धरला. "सांगा हो तिला."

तो हसत ओरडला, "बसले हो बाई, खिडकीपाशी बसले!"